मूलतत्त्ववादाला सत्ता देतो कोण?



मूलतत्त्ववादावर व्याख्यान म्हटलं की श्रोत्यांच्या मनात एक मोजणी सुरू होते. वक्ता कोणत्या धर्मावर किती वेळ बोलला, आपल्याला किती लागलं, दुसऱ्याला किती. आज अनेक धर्मांची नावं येतील आणि ती सारख्या मापाने येणार नाहीत. जिथली हकीगत जास्त शिकवते तिथे मी जास्त थांबेन. कोणत्या ग्रंथात काय लिहिलं आहे, हा माझा आजचा विषय नाही. त्यावर वाद घालणारे पुष्कळ आहेत. मला पडलेला प्रश्न राजकारणाचा आहे. कट्टर माणसं प्रत्येक धर्मात, प्रत्येक काळात असतात आणि बहुतेक वेळा ती थोडी असतात. स्वतःच्या नावावर निवडणूक लढवली तर त्यांना फारशी मतंही पडत नाहीत. तरी कायदे त्यांच्या मनासारखे होतात, पोलीस त्यांना बिचकतात, न्यायाधीशांना त्यांच्या रागाचा विचार करावा लागतो. ही ताकद त्यांच्याकडे येते कुठून?

सुरुवात श्रीलंकेपासून करतो. तेव्हा तिला सिलोन म्हणत. सॉलोमन वेस्ट रिजवे डायस बंदरनायके हे तिथल्या एका बड्या अँग्लिकन ख्रिस्ती घराण्यातले. त्यांच्या नावातलं ‘वेस्ट रिजवे’ हे त्या काळच्या ब्रिटिश गव्हर्नरचं नाव. शिक्षण ऑक्सफर्डला झालं. राजकारणात उतरल्यावर त्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला, देशी पोशाख धरला आणि बहुसंख्य सिंहली समाजाचं पुढारीपण मिळवायच्या मागे लागले. १९५६ साली त्यांना संधी आली. बुद्धाच्या महापरिनिर्वाणाला अडीच हजार वर्षं झाली म्हणून सगळं बौद्ध जग ते वर्ष साजरं करत होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात नागपूरला बाबासाहेबांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली, हे आपल्याला माहीत आहे. नागपुरात ज्या धर्माने माणसांना समतेचं दार उघडलं, त्याच धर्माच्या नावाने त्याच वर्षी कोलंबोत ‘हा देश आमचा, तुमचा नाही’ असं सांगितलं जात होतं. धर्म एकच होता. त्याचा हात कोणी धरला होता, यात फरक होता.

एप्रिल १९५६ च्या निवडणुकीत बौद्ध भिक्षू बंदरनायकेंच्या प्रचारासाठी गावोगाव फिरले. सत्तेवर आलो तर चोवीस तासांत सिंहली ही एकमेव राजभाषा करू, असं आश्वासन होतं. सत्ता आली, आणि जूनमध्ये तसा कायदा झाला. त्याच्या विरोधात कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर शांतपणे सत्याग्रहाला बसलेल्या तमिळ पुढाऱ्यांना जमावाने मारहाण केली.

बंदरनायके मनाने दुष्ट नव्हते, आणि मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. आपण काय करून बसलो हे त्यांच्या लक्षात आलं. जुलै १९५७ मध्ये त्यांनी तमिळांचे नेते चेल्वनायकम यांच्याशी करार केला. उत्तर आणि पूर्व भागात कारभारासाठी तमिळ वापरता येईल, प्रादेशिक मंडळांना काही अधिकार मिळतील, असं त्यात होतं. तो करार टिकला असता तर पुढचं अर्धं शतक त्या बेटाने वेगळं पाहिलं असतं, असं मला मनापासून वाटतं. पण विरोधी पक्षाचे जयवर्धने कराराच्या विरोधात कँडीपर्यंत पदयात्रेला निघाले. हे जयवर्धनेसुद्धा ख्रिस्ती वातावरणात वाढलेले, आधुनिक विचारांचे गृहस्थ होते. एप्रिल १९५८ मध्ये भिक्षूंनी रोझमीड प्लेसवरच्या पंतप्रधानांच्या बंगल्यासमोर बैठक मारली. करार रद्द केल्याचं त्यांनी तोंडी सांगितलं, तेवढ्यावर भिक्षू उठले नाहीत. त्यांनी लेखी मागितलं. पंतप्रधानांनी लिहून दिलं. पुढच्याच महिन्यात तमिळांविरुद्ध दंगली पेटल्या.

२५ सप्टेंबर १९५९ च्या सकाळी त्याच बंगल्याच्या व्हरांड्यात भेटीला आलेल्या लोकांत एक भिक्षू होता, तल्दुवे सोमाराम. बंदरनायके प्रथेप्रमाणे त्याला वंदन करायला वाकले आणि त्याने चिवरातून पिस्तूल काढून गोळ्या झाडल्या. दुसऱ्या दिवशी ते गेले. कट रचणारा मपिटिगम बुद्धरक्खित हा केलानियाच्या प्रसिद्ध विहाराचा प्रमुख होता. तीनच वर्षांपूर्वी बंदरनायकेंना निवडून आणण्यासाठी सगळ्यात जास्त झटलेल्यांपैकी तो एक. त्याच्या रागाला धंद्याचीही कारणं होती. सरकारी ठेके, परवाने, जहाजवाहतूक असे विषय खटल्यात निघाले. धर्माच्या नावाने मिळालेल्या वजनाची किंमत पैशात वसूल करायची इच्छा फार लवकर होते, हे पुढेही दिसेल.

एका सुशिक्षित, मध्यममार्गी नेत्याने निवडणुकीपुरतं कट्टरांचं बळ उसनं घेतलं. परत करायची वेळ आली तेव्हा देणेकरी तो होता. हाच माझा आजचा मुद्दा आहे. मूलतत्त्ववादी स्वतःच्या बळावर क्वचितच सत्तेवर येतो. ज्यांची त्या विचारावर श्रद्धा नसते असे पुढारी त्याला राजकारणात आणतात, आणि नंतर त्याला बाहेर काढणं त्यांच्या हातात उरत नाही.

आता पाकिस्तान. ११ ऑगस्ट १९४७ ला घटना समितीसमोर बोलताना जिनांनी सांगितलं होतं की कोणाचा धर्म काय याच्याशी राज्याला काही देणंघेणं असणार नाही. पण त्यांच्या मृत्यूला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, मार्च १९४९ मध्ये, पंतप्रधान लियाकत अली खान यांनी उद्दिष्टांचा ठराव मांडला आणि त्यात राज्याचं सार्वभौमत्व ईश्वराकडे गेलं. पूर्व बंगालमधल्या काँग्रेसच्या हिंदू सभासदांनी, विशेषतः श्रीशचंद्र चट्टोपाध्याय यांनी, कळवळून विरोध केला. ठरावाच्या बाजूने बोलणाऱ्यांत परराष्ट्रमंत्री जफरुल्ला खान होते. ते स्वतःला मुसलमान मानणाऱ्या अहमदिया पंथाचे होते. जे दार उघडायला त्या दिवशी त्यांनी हातभार लावला, त्याच दारातून पंचवीस वर्षांनी त्यांच्या सगळ्या पंथाला बाहेर काढण्यात आलं. ठरावाच्या वेळी कायदामंत्री होते जोगेंद्रनाथ मंडल. १९४६ साली बाबासाहेबांना बंगालमधून घटना समितीवर निवडून आणण्यात ज्यांनी पुढाकार घेतला, तेच हे मंडल. दलितांना पाकिस्तानात न्याय मिळेल या आशेने ते तिथे राहिले होते. १९५० मध्ये राजीनामा देऊन ते भारतात परतले.

१९५३ साली पंजाबात अहमदियांविरुद्ध मोठं आंदोलन झालं. जफरुल्ला खानांना काढा आणि अहमदियांना बिगरमुस्लिम ठरवा, अशी मागणी होती. लाहोरमध्ये मार्चमध्ये लष्करी कायदा लावावा लागला. त्या देशातला तो पहिला. नंतर न्यायमूर्ती मुनीर आणि न्यायमूर्ती कयानी यांनी चौकशी केली. १९५४ चा तो अहवाल मूलतत्त्ववादाच्या अभ्यासकाने वाचलाच पाहिजे. त्यात दोन गोष्टी सापडतात. पहिली अशी की पंजाबचे मुख्यमंत्री दौलताना, हे सुद्धा ऑक्सफर्डचेच, आगीत तेल ओतणाऱ्या वर्तमानपत्रांना सरकारी तिजोरीतून पैसे जाऊ देत होते. केंद्रातल्या ख्वाजा नाझिमुद्दीन यांच्या सरकारला अडचणीत आणायचं होतं, म्हणून. दुसरी गोष्ट जास्त प्रसिद्ध आहे. न्यायमूर्तींनी देशातल्या मोठमोठ्या उलेमांना बोलावून विचारलं, मुसलमान कोणाला म्हणायचं? कोणत्याही दोघांची उत्तरं जुळली नाहीत. मग न्यायमूर्तींनी लिहिलं की एकाची व्याख्या मानावी तर आपण त्याच्या मते मुसलमान राहतो आणि बाकी सगळ्यांच्या मते काफिर होतो.

कट्टरतेचा पहिला घाव स्वतःच्याच धर्माच्या माणसांवर का पडतो, याचं उत्तर इथे आहे. परधर्मी माणूस बाहेरचा म्हणून आधीच ठरलेला असतो. त्याच्याबद्दल वाद नसतो. वाद असतो तो आपल्यातला खरा कोण आणि खोटा कोण यावर. ते ठरवायचा अधिकार ज्याच्या हाती जातो तो सगळ्या समाजाचा मालक होतो.

१९७० च्या निवडणुकीत मौदूदींच्या जमात-ए-इस्लामी या कट्टर पक्षाला राष्ट्रीय सभेत फक्त ४ जागा मिळाल्या. मतदारांनी स्पष्ट नाकारलं होतं. पण ७ सप्टेंबर १९७४ ला अहमदियांना बिगरमुस्लिम ठरवणारी घटनादुरुस्ती संसदेत एकमताने संमत झाली, आणि पंतप्रधान होते झुल्फिकार अली भुट्टो. समाजवादाच्या घोषणा देऊन निवडून आलेले, बर्कले आणि ऑक्सफर्डला शिकलेले. उलेमांना जे ठरवता आलं नव्हतं ते खासदारांनी हात वर करून ठरवलं. १९७७ मध्ये विरोधकांचं आंदोलन तापलं तेव्हा भुट्टोंनी दारूबंदी, जुगारबंदी आणि शुक्रवारची सुट्टी जाहीर केली. जुलैमध्ये झिया-उल-हक यांनी त्यांचं सरकार उलथवलं आणि एप्रिल १९७९ मध्ये त्यांना फाशी झाली. १९८४ च्या झियांच्या वटहुकमाने अहमदियांनी आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हणणं आणि अजान देणं हा तुरुंगवासाचा गुन्हा झाला. १९८६ मध्ये प्रेषितांच्या निंदेला मृत्युदंड आला. अब्दुस सलाम यांना १९७९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, त्या देशाच्या नागरिकाला मिळालेलं पहिलं नोबेल. ते अहमदिया होते. रबवा इथे त्यांच्या कबरीवरच्या लेखातला ‘मुस्लिम’ हा शब्द नंतर खोडून टाकण्यात आला.

आणि ४ जानेवारी २०११. पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर हे भुट्टोंच्याच पक्षाचे. ईशनिंदेच्या आरोपाखाली फाशीची शिक्षा झालेल्या आसिया बीबी या ख्रिस्ती शेतमजूर बाईची बाजू त्यांनी घेतली होती. त्यांच्याच अंगरक्षकाने त्यांना गोळ्या घातल्या. त्याला न्यायालयात आणलं तेव्हा काही वकिलांनी त्याच्यावर गुलाबाच्या पाकळ्या उधळल्या. दोन महिन्यांनी अल्पसंख्याकांचे केंद्रीय मंत्री शाहबाझ भट्टी यांचाही खून झाला. देशात सरकार भुट्टोंच्या पक्षाचं होतं, आणि त्या कायद्यात सुधारणा करायचा आपल्याच खासदाराचा प्रस्ताव त्याने मागे घ्यायला लावला. आसिया बीबींची निर्दोष सुटका सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये केली. त्या निकालावर सह्या करणाऱ्या न्यायाधीशांना त्यासाठी किती धैर्य लागलं असेल, याचा विचार आपण इथे सुरक्षित सभागृहात बसून करायला हवा.

हे मागासलेल्या, गरीब देशांतच होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी अमेरिकेकडे पाहावं. आधुनिक अर्थाने मूलतत्त्ववादी चळवळ प्रथम उभी राहिली ती तिथेच. लायमन स्ट्युअर्ट या तेलाच्या उद्योगपतीच्या पैशातून १९१० ते १९१५ या काळात पुस्तिकांचे बारा खंड छापून देशभरच्या धर्मोपदेशकांना फुकट वाटले गेले. डार्विन आणि बायबलची ऐतिहासिक चिकित्सा हे त्यांचं लक्ष्य होतं. १९२५ मध्ये टेनेसी राज्यातल्या डेटन गावी उत्क्रांती शिकवल्याबद्दल एका शिक्षकावर खटला भरला गेला, देशभर त्या मंडळींची नाचक्की झाली आणि त्यानंतर ती बरीच वर्षं राजकारणापासून लांब राहिली. १९६५ साली जेरी फॉलवेल नावाच्या पाद्र्याने, पाद्र्याचं काम आत्म्यांचं आहे, मोर्चे काढण्याचं नाही, असं प्रवचन दिलं. रोख मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर होता.

त्याच फॉलवेलने १९७९ मध्ये ‘मॉरल मेजॉरिटी’ ही राजकीय संघटना काढली. मधल्या काळात काय झालं? गर्भपाताच्या विरोधातून ही लाट उठली असं सांगितलं जातं. पण १९७१ मध्ये सदर्न बॅप्टिस्ट या सगळ्यात मोठ्या प्रोटेस्टंट संघटनेने काही परिस्थितीत गर्भपाताला मुभा देणारा ठराव केला होता. ज्या गोष्टीने या नेत्यांना आधी पेटवलं ती करसवलत होती. काळ्या विद्यार्थ्यांना दूर ठेवणाऱ्या खासगी धार्मिक शाळांची आणि बॉब जोन्स विद्यापीठासारख्या संस्थांची करमाफी सरकारने काढून घ्यायला सुरुवात केली होती. संघटना बांधणाऱ्या पॉल वायरिच यांनीच हे पुढे उघड सांगितलं. धर्म संकटात आहे अशी हाक ऐकू आली की त्याच्या मागे कोणाची जमीन, कोणाची सवलत, कोणाचा ठेका आहे, हे पाहायची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

त्यांनी १९८० मध्ये पाडलं कोणाला? जिमी कार्टर यांना. कार्टर स्वतः बॅप्टिस्ट, राष्ट्राध्यक्ष असतानाही चर्चमध्ये बायबल शिकवणारे. आणि निवडून आणलं रेगन यांना, ज्यांनी १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर म्हणून गर्भपाताची बंधनं सैल करणाऱ्या कायद्यावर सही केली होती. भाविक माणूस नको होता. व्यवहार करणारा हवा होता. त्या व्यवहाराची शेवटची मोठी वसुली २४ जून २०२२ ला झाली, जेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९७३ चा गर्भपाताच्या हक्काचा निकाल रद्द केला.

इस्रायलबद्दल थोडक्यात सांगतो. बेन-गुरियन धर्म न पाळणारे समाजवादी होते. राज्य स्थापन होताना कट्टर ज्यू पुढाऱ्यांची साथ हवी म्हणून त्यांनी धार्मिक पाठशाळांतल्या सुमारे ४०० विद्यार्थ्यांना लष्करी सेवेतून सूट दिली. १९७७ नंतर बेगिन यांनी आघाडी सरकारसाठी संख्येची मर्यादा उठवली. २०२४ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने या सवलतीला कायद्याचा आधार नाही असं सांगितलं, तोपर्यंत सूट मिळणारे साठ हजारांच्या वर गेले होते. दुसरीकडे १९६७ च्या युद्धानंतर जिंकलेली जमीन देवाने दिलेली म्हणून परत करता येत नाही, असं मानणारा पंथ वाढला. त्या विचाराच्या एका ज्यू तरुणाने ४ नोव्हेंबर १९९५ ला ज्यू पंतप्रधान राबिन यांचा खून केला.

इराणचं उदाहरण मात्र वेगळं आहे आणि तिथे थोडं थांबायला हवं, कारण तिथे धर्मगुरूंनी सत्ता दुसऱ्याकडून वापरून घेतली नाही, स्वतः घेतली. अर्थात तिथेही पायरी इतरांनीच दिली. शहाने सगळे पक्ष, संघटना चिरडल्यावर माणसांना जमायला मशिदीच उरल्या होत्या. डावे, उदारमतवादी, बाजारातले व्यापारी सगळे खोमेनींच्या मागे उभे राहिले. शहा गेला की म्हातारा कोमला परत जाईल आणि कारभार आपण पाहू, असा अनेकांचा हिशेब होता. खोमेनी १ फेब्रुवारी १९७९ ला परतले. त्याच महिन्यात स्त्रियांना घटस्फोट आणि मुलांच्या ताब्याबाबत संरक्षण देणारा कायदा स्थगित झाला. ८ मार्चला तेहरानमध्ये हजारो स्त्रिया हिजाबच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर आल्या. त्यांच्या बाजूने उभे राहायला डाव्या पक्षांतले फारच थोडे पुढे आले. आधी साम्राज्यवादाशी लढू, स्त्रियांचा प्रश्न नंतर, असं त्यांना सांगितलं गेलं. काही वर्षांतच त्या पक्षांचे कार्यकर्ते तुरुंगात होते, पुष्कळ जण फासावर गेले.

पण मला सांगायचं आहे ते याच्या पुढचं. धर्मसत्तेत धर्माचं काय झालं? आयातुल्ला शरियतमदारी हे शिया जगातले अत्यंत मानाचे गुरू. धर्मगुरूने राज्य करावं हे त्यांना मान्य नव्हतं. १९८२ मध्ये त्यांचं पद काढून घेतलं आणि मरेपर्यंत ते नजरकैदेत राहिले. मोंतझेरी हे खोमेनींचे ठरलेले वारस. १९८८ मध्ये कैद्यांच्या सामूहिक फाशींना त्यांनी विरोध केला म्हणून १९८९ मध्ये त्यांना दूर केलं. धर्मगुरूंवर खटले चालवायला वेगळं न्यायालय आलं. आणि जानेवारी १९८८ मध्ये खोमेनींनी एका पत्रात स्पष्ट केलं की इस्लामी राज्याचं हित हे सर्वांत वरचं आहे. गरज पडली तर राज्य नमाज, रोजा आणि हज यांनाही स्थगिती देऊ शकतं. शहाला हे म्हणायची हिंमत झाली नव्हती. श्रद्धावान माणसाने हे पत्र मन लावून वाचावं, अशी माझी विनंती आहे. धर्माचं राज्य मागणाऱ्यांना शेवटी राज्याचा धर्म मिळतो, आणि त्यात देवाचं मत विचारलं जात नाही.

इथे कोणी रास्त शंका घेईल. मग धर्म आणि राजकारण यांचा कसलाच संबंध नको का? गांधी रोज प्रार्थनासभा घेत. बादशाह खानांच्या खुदाई खिदमतगारांचं बळ त्यांच्या नमाजात होतं. किंग पाद्री होते. या माणसांनी धर्मातून स्वतःवरची बंधनं घेतली. दुसऱ्याने काय खावं, कोणाशी लग्न करावं, कोणाची उपासना करावी, यासाठी त्यांनी पोलीस मागितले नाहीत. माझ्या मते रेषा इथे आहे. आणि म्हणूनच कट्टरांना नास्तिकांपेक्षा अशी माणसं जास्त सलतात. अस्पृश्यता निवारणाच्या दौऱ्यावर असलेल्या गांधीजींच्या स्वागतसमारंभाच्या वेळी २५ जून १९३४ ला पुण्यात बॉम्ब फेकला गेला, तेव्हा फाळणीचा प्रश्न कुठेच नव्हता. प्रश्न मंदिराच्या दाराचा होता.

आता आपला देश. २३ एप्रिल १९८५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी, सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखाली, इंदूरच्या शाहबानो या वृद्ध घटस्फोटित बाईची पोटगी कायम केली. रक्कम होती महिना १७९ रुपये २० पैसे. राजीव गांधींच्या पाठीशी तेव्हा लोकसभेत चारशेहून जास्त खासदार होते. सुरुवातीला सरकारने निकालाची बाजू घेतली. आरिफ मोहम्मद खान यांनी लोकसभेत भाषण केलं. नंतर मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाचे मोर्चे निघाले, सत्ताधारी पक्ष काही पोटनिवडणुका हरला आणि सरकार फिरलं. १ फेब्रुवारी १९८६ ला फैजाबादच्या जिल्हा न्यायाधीशांच्या आदेशावरून अयोध्येतल्या बाबरी मशिदीचं कुलूप तासाभराच्या आत उघडलं गेलं, दूरदर्शनने ते दाखवलं. त्याच महिन्यात शाहबानोचा निकाल निष्प्रभ करणारं विधेयक लोकसभेत आलं. आरिफ मोहम्मद खान यांनी राजीनामा दिला. एका हाताने मौलवींना आणि दुसऱ्या हाताने महंतांना दिलं की तोल राहील, असं कोणाला तरी वाटलं असावं. १९८४ मध्ये भारतीय जनता पक्षाचे लोकसभेत २ खासदार होते. १९८९ मध्ये ८५ झाले, १९९१ मध्ये १२०. ६ डिसेंबर १९९२ ला मशीद पाडली गेली आणि त्याची किंमत मुंबईने डिसेंबर आणि जानेवारीच्या दंगलींत मोजली. पंजाबातही आधी हेच झालं होतं. अकालींना शह द्यायला कट्टर शीख प्रचारक भिंद्रनवाले यांना काँग्रेसच्या काही नेत्यांनी मोठं होऊ दिलं, आणि जून १९८४ मध्ये सुवर्णमंदिरात सैन्य घालायची पाळी आली.

शाहबानोच्या वेळी दिल्लीत कोणालाच ठाऊक नव्हतं असं नाही की मुस्लिम समाजात दुसरा आवाजही आहे. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाई यांनी मुंबईत विधानभवनावर सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा नेला होता; तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, ही मागणी होती. २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. या माणसाला पुरोगामी म्हणवणाऱ्या किती पक्षांनी जवळ केलं? मतं ज्याच्याकडे गठ्ठ्याने आहेत असं सांगितलं जातं त्या मौलवीला दिल्लीत खुर्ची मिळाली आणि दलवाईंना सभेत दगड. तोंडी तलाक सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ ला, तीन विरुद्ध दोन मतांनी, अवैध ठरवला. सात स्त्रियांच्या मोर्चानंतर एक्कावन्न वर्षांनी. मधल्या काळात ज्या बायका तीन शब्दांत घराबाहेर पडल्या त्यांचं देणं आपल्या सगळ्या उदारमतवादी राजकारणावर आहे.

महाराष्ट्राने याहून वेगळं केलं असं म्हणायला मी धजणार नाही. नरेंद्र दाभोलकर जादूटोणाविरोधी कायद्यासाठी सुमारे अठरा वर्षं विधिमंडळाचे उंबरे झिजवत होते. आक्षेप येत गेले तसा त्यांनी मसुदा बदलला, कलमं कमी केली. देवधर्माला, वारीला, पूजेला हात लावलेला नाही, हे पुन्हा पुन्हा समजावलं. सरकारं आली, गेली. अनेक मंत्री खासगीत पाठिंबा देत आणि सभागृहात गप्प बसत. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि आठवड्याच्या आत त्याच मसुद्याचा वटहुकूम निघाला. इतकी वर्षं नव्हती ती वेळ इतक्या दिवसांत कशी आली, हा प्रश्न मारेकऱ्यांना विचारायचा नाही. त्यांच्यापैकी दोघांना मे २०२४ मध्ये जन्मठेप झाली आहे. तो आपण निवडून दिलेल्या, सभ्य, सुशिक्षित, सर्व पक्षांच्या लोकांना विचारायचा आहे. हा कायदा हिंदूंविरुद्ध आहे असा प्रचार होता. त्याखाली नोंदल्या गेलेल्या अगदी सुरुवातीच्या गुन्ह्यांपैकी एक नांदेडचा, चमत्काराने रोग बरे करतो म्हणणाऱ्या दोन मुस्लिम इसमांवरचा होता.

उपाय काय, असं व्याख्यानानंतर विचारलं जाईल, म्हणून आत्ताच बोलतो. कट्टर माणसाचं मन वळवणं हे दीर्घ पल्ल्याचं काम आहे आणि ते बहुधा त्याच्याच धर्मातली माणसं करू शकतात. पण त्याला बळ उसनं देणारा पुढारी आपल्या मतावर उभा असतो, त्याच्यापर्यंत आपला हात पोचतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमाप्रमाणे धर्माच्या नावाने मत मागणं हा भ्रष्ट आचार आहे. २ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने, चार विरुद्ध तीन मतांनी, हे कलम उमेदवाराच्याच नव्हे तर मतदाराच्या धर्मालाही लागू आहे असा अर्थ लावला. या कलमाखाली सगळ्यात गाजलेला खटला आपल्याच विलेपार्ल्याचा. डिसेंबर १९८७ ची पोटनिवडणूक, शिवसेनेचे डॉ. रमेश प्रभू निवडून आले, आणि बाळासाहेब ठाकरे यांच्या प्रचारसभांतल्या भाषणांवरून त्यांची निवड रद्द झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवण्याचा निकाल कायम केला, त्याच सुमारास हिंदुत्व म्हणजे जीवनपद्धती असंही म्हटलं, आणि पुढे ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. पण तारीख पाहा. तो निकाल आला ११ डिसेंबर १९९५ ला. ज्या विधानसभेसाठी ती पोटनिवडणूक झाली ती केव्हाच मुदत संपून गेली होती आणि शिवसेना-भाजपचं सरकार राज्यात सत्तेवर होतं. आठ वर्षं लागणारा न्याय राजकारण थांबवू शकत नाही. निवडणूक याचिका शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढावी असं कायद्यातच लिहिलेलं आहे. ते पाळलं जावं ही मागणी कोणत्याच पक्षाच्या जाहीरनाम्यात मी वाचलेली नाही. ती आपण करायला हवी. आणि तोपर्यंत एवढं लक्षात ठेवायला हवं की अशी याचिका करायला पक्ष लागत नाही, हरलेला उमेदवार लागत नाही. त्या मतदारसंघातला कोणताही मतदार निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात जाऊ शकतो.